आधी दाखला, मग चाल, मोबाइल शेवटी: तरुण संघासाठी सहा रविवारांची आखणी

शब्बाथ शाळेतून (चर्चमधल्या मुलांच्या बायबल वर्गातून) बाहेर पडलेली, पण मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कामात अजून न आलेली, साधारण १४ ते २२ वयाची मुलं. त्यांच्यासाठी 'आजच्या पद्धतीनं' काहीतरी करायचं ठरलं की पहिल्या बैठकीत विषय निघतो प्रोजेक्टरचा. दुसऱ्या बैठकीत कोणीतरी यूट्यूब चॅनेलचं नाव सुचवतं. बायबलचा उतारा कोणता घ्यायचा, हे मात्र शनिवारी रात्री ठरतं. मग दीड महिन्यानं हातात येतो एक चकचकीत व्हिडिओ. त्यात मुलं छान दिसतात, आणि दाखल्याचा, म्हणजे येशूच्या दृष्टांतकथेचा, अर्थ नेमका उलटा झालेला असतो.

आमच्याकडेही पहिल्या खेपेला हेच झालं. सिनेमातल्या गाण्याची चाल उचलली, दोन रविवार चित्रीकरणात घालवले, इंटरनेटवर चढवल्यावर कॉपीराइटच्या तक्रारीत आवाजच बंद झाला. शेवटी हलणारे ओठ तेवढे उरले. चूक पूर्णपणे आमची होती. तेव्हापासून मी क्रम उलटा केला. तोच इथे देते. उदाहरण म्हणून द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला (मत्तय २०:१-१६) घेतला आहे: मालक दिवसभरात वेगवेगळ्या वेळी मजूर कामाला लावतो, संध्याकाळी सगळ्यांना सारखाच एक दिनार देतो, आणि पहाटेपासून राबलेले तक्रार करतात. नाशिक, दिंडोरी, निफाड या पट्ट्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षकाढणी चालू असते, लेंटचे (ईस्टरआधीच्या उपवासाचे) दिवसही साधारण तेच. तुमच्या भागात ऊस असेल, मासळी असेल, एमआयडीसी असेल, तर उतारा बदला. क्रम बदलू नका.

## तयारी: पहिल्या रविवारच्या तीन आठवडे आधी

८ ते १२ मुलं पुरेत. वीसच्या वर गेलात की चारजण बोलतात आणि बाकीचे फोन बघतात. मोठी माणसं दोन हवीत, त्यांत एक बाई. एकट्या माणसानं हा वर्ग घेऊ नये, तो कितीही विश्वासू असला तरी.

पालकांची लेखी संमती आधी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे. म्हणजे अकरावीतल्या मिशीवाल्या मुलाच्या बाबतीतही पालकांना विचारावं लागतं. पत्र लांबलचक नको. मुलाचा आवाज मुद्रित करणार का, चेहरा दिसणार का, ते कुठे पाठवणार आणि कोणाकडे ठेवणार, या चार प्रश्नांपुढे होय-नाही लिहायला जागा ठेवा. 'आवाज चालेल, चेहरा नको' असं उत्तर हमखास येतं. ते मनावर घ्या. या कामात चेहऱ्याची फारशी गरज पडतही नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन्ही मोठी माणसं ॲडमिन असू द्या. निरोप ग्रुपवरच द्यायचा, अल्पवयीन मुलांशी खासगी चॅट करायचं नाही, रात्री नऊनंतर काही टाकायचं नाही.

सावध: मुलांचे मित्रमैत्रिणी कुतूहलानं येतात. दुसऱ्या धर्माच्या घरातलं १८ खालचं मूल त्याच्या आई-वडिलांच्या परवानगीशिवाय वर्गात, गाण्यात किंवा ग्रुपमध्ये घेऊ नका. कायदा बाजूला ठेवला तरी शेजारधर्म म्हणून एवढं पाळायला हवं.

## टप्पा १: उतारा एकच, पण नीट वाचलेला

सहा रविवारांना सहा दाखले घ्यायचा मोह होतो. एकच घ्या, आणि मुलांसमोर नेण्याआधी तुम्ही स्वतः तो आठवडाभर वाचा.

मी दोन भाषांतरं शेजारी ठेवते. एक आपलं नेहमीचं छापील पवित्र शास्त्र आणि एक सोप्या भाषेतलं. बायबल ॲपवर मराठीतली दोन्ही मिळतात. जिथे शब्द वेगळे पडतात तिथे पेन्सिलीनं खूण करते. मुलांचे प्रश्न बहुधा त्याच जागांवर येतात.

या दाखल्यात चार गोष्टी आधी पक्क्या करा.

सुरुवात विसाव्या अध्यायात नाही. १९:२७ मध्ये पेत्र विचारतो, आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो, तर आम्हाला काय मिळणार? त्या प्रश्नाला हा दाखला उत्तर देतो. १९:३० आणि २०:१६ शेजारी ठेवून वाचा, तेच वाक्य उलटसुलट होऊन परत आलेलं दिसेल. अध्यायाच्या आकड्यावर थांबलात तर पेत्राचा प्रश्न हातातून निसटतो.

दिनार म्हणजे त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी. एक दिवस घर चालेल एवढीच.

मालक पहाटे बाहेर पडतो, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अकराव्या तासाला. आपल्या घड्याळात सकाळचे नऊ, दुपारचे बारा, तीन आणि संध्याकाळचे पाच. म्हणजे पाच खेपा.

मजुरी संध्याकाळीच का दिली? लेवीय १९:१३ आणि अनुवाद २४:१५ वाचा. रोजंदाराची मजुरी रात्रभर अडवून ठेवू नये, अशी आज्ञाच होती.

तपासा: दाखल्यात ऐकणाऱ्याला टोचणारी जागा कोणती, हे एका वाक्यात वहीत लिहिता येतं का? माझं वाक्य असं होतं: 'दिवसभर उन्हात राबलेल्याची तक्रार आपल्याला रास्त वाटते, आणि तरी मालक चुकत नाही.' हे वाक्य जमेपर्यंत पुढे जाऊ नका. पुढची प्रत्येक गोष्ट याच्यावर घासून बघायची आहे.

## टप्पा २: चाल निवडण्याआधी म्हाताऱ्या माणसांना भेटा

'स्थानिक संस्कृती' म्हटलं की तरुण शिक्षकांना फेटा, नऊवारी आणि हलगी आठवते. इथेच सर्वांत जास्त दुखापत होते.

आपल्या मंडळ्यांमधल्या अनेक घरांत हलगी किंवा डफ म्हणजे नुसतं वाद्य नाही. गावकीत ते सक्तीनं वाजवावं लागायचं. ते खाली ठेवणं हा त्या घरांच्या आठवणीतला मोठा दिवस आहे. नातवंडांना त्याचा ठेका आवडतो, आजोबांना त्यात वेगळंच काही ऐकू येतं. आमच्या इथे एका आजींनी एवढंच म्हटलं, "ते आम्ही सोडलं, बाई." मी वाद घातला नाही. दुसऱ्या मंडळीत कदाचित हेच वाद्य अभिमानानं वाजेल. ठरवायचा हक्क त्या घरांचा आहे, त्यामुळे आधी विचारा.

तसंच जागरण-गोंधळ खंडोबा आणि भवानीच्या पूजेशी बांधलेला आहे. त्याची नक्कल करून येशूचं नाव घातलं तर आपल्याच मंडळीतली अर्धी माणसं अस्वस्थ होतात, आणि शेजाऱ्यांना ती थट्टा वाटते. वासुदेवाची टोपी गमतीसाठी घालायची नाही, तीही याच कारणानं.

मग राहिलं काय? भरपूर राहिलं. जात्यावरची आणि ग्रंथातली ओवी. अभंग. कीर्तनाची मांडणी: आधी मूळपद, त्यावर निरूपण, मग आख्यान. पोवाड्याची चढत जाणारी लय. यांत कुठलाही मजकूर बसतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं ते ओवीतच, तेव्हा 'हे आपलं नव्हे' म्हणणाऱ्या वडीलमंडळाला दाखवायला एवढं उदाहरण पुरतं. वसईकडची मंडळी असाल तर सामवेदी किंवा वाडवळी बोलीतच लिहा. मुलं घरी जे बोलतात त्यात लिहिलं की उसना आव गळून पडतो.

तपासा: तीन घरांत जाऊन तीन वयस्क माणसांना विचारलं का? एकानंही कपाळाला आठी घातली तर कारण ऐका, आणि चाल बदला.

## टप्पा ३: पहिला रविवार, फोन टोपलीत

खरंच टोपलीत. मोठ्यांचेही.

उतारा चार वेळा वाचायचा. पहिल्यांदा एकजण मोठ्यानं वाचतो, बाकीचे नुसते ऐकतात. दुसऱ्यांदा प्रत्येकजण एकेक ओवी (शास्त्रातलं वचन, गाण्यातली ओवी नव्हे) वाचतो. तिसऱ्यांदा पात्रं वाटून घेतात: मालक, कारभारी, पहाटेचे मजूर, पाचचे मजूर. चौथ्यांदा पुस्तकं मिटून आठवणीतून सांगतात.

चौथी फेरी महत्त्वाची आहे. मुलं काय गाळतात ते लिहून ठेवा. आमच्या मुलांनी दोन्ही वेळा सातव्या ओवीतलं उत्तर गाळलं. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असं मालक विचारतो आणि मजूर म्हणतात, आम्हाला कोणी कामाला लावलं नाही. गाळलं का, असं विचारल्यावर एकजण म्हणाला, "सर म्हणतात ना, ज्याला काम करायचं त्याला मिळतंच."

त्या एका वाक्यावर पुढचा तास गेला. अर्थ तुम्ही सांगू नका, एवढंच जपा. उत्तर शेवटी द्या, आणि तेही कमीच.

## टप्पा ४: दुसरा रविवार, काम केलेल्या माणसाकडून

मजूर नाक्यावर मुलांना घेऊन जाऊन फोटो काढायचे नाहीत. सकाळी सात ते नऊ तिथली माणसं रोजीच्या शोधात असतात, आपल्या अभ्यासाचा विषय व्हायला उभी नसतात. त्याऐवजी मंडळीतल्याच रोजंदारीवर जाणाऱ्या कोणाला तरी वर्गात बोलवा. असं माणूस असतंच. बहुधा ते मागच्या बाकावर बसतं आणि त्याला आजवर कोणी काही विचारलेलं नसतं. त्यांचा त्या दिवसाचा वेळ जाणार असेल तर रीतसर मानधन द्या. या दाखल्यावर बोलायला बोलावून फुकट राबवणं बरं दिसत नाही.

आमच्याकडे एक मावशी आल्या. घड देठालाच का धरायचा, हे त्यांनी रिकामी कात्री हातात धरून दाखवलं. मण्यांवरची पांढरी भुकटी बोटांनी पुसली गेली की मालाचा भाव उतरतो. मग रोजंदारी आणि उक्तं यांतला फरक सांगितला. उक्त्यात टोळी अख्ख्या कामाचा भाव ठरवते, उशिरा येणारा टोळीत बसतच नाही. दाखला ऐकून त्या जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पाच वाजता कोणी न्यायला आलं तर मी जाईन का? रिक्षाचं भाडं तरी सुटंल का, ते आधी बघीन."

मी दहा वर्षं हा दाखला शिकवत होते. अकराव्या तासाला निघालेला माणूस किती भरवशावर निघाला असेल, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. चौथ्या ओवीत मालक फक्त 'जे योग्य ते देईन' म्हणतो, आकडा ठरलेला असतो तो पहाटेच्यांशीच. मुलांनी ते स्वतः शोधून काढलं.

इथे फोनचा एकच उपयोग: मावशींची परवानगी घेऊन त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचं, म्हणजे शब्द नंतर जसेच्या तसे हाताशी राहतात. ते कुठेही पाठवायचं नाही.

## टप्पा ५: तिसरा आणि चौथा रविवार, लिहिणं

तीन-तीनचे गट करा. प्रत्येक गटाला एक-दोन खेपा द्या. तक्रार आणि मालकाचं उत्तर एकाच गटाकडे ठेवा, तोडू नका.

ओवी सोपी आहे. पहिल्या तीन चरणांचं यमक जुळतं, चौथा चरण आखूड आणि मोकळा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी मिळून केलेल्या, आणि मी थोड्या हात फिरवलेल्या या दोन:

पहाटे नाक्यावरी उभा मजूर,
हाती डबा, घर राहिले दूर,
मालकाची वाट बघतो आतुर,
कोण नेई कामाला?

पाच वाजले तरी उभाच राही,
'का रे?' पुसता तो खालती पाही,
'आम्हांला कोणी बोलावलेच नाही',
धनी म्हणे, चल आता.

भारी कविता नाही. पण 'खालती पाही' हे शास्त्रात नसलेले दोन शब्द मुलांनी मावशींच्या बोलण्यातून आणले, आणि ते बरोबर बसतात.

नेहमीच्या चुका तीन. पहिली, शेवट बदलणं. सवयीनं मुलं 'कष्टाचं फळ मिळतं' असा शेवट करतात. हा दाखला तसं म्हणतच नाही, किंबहुना त्या समजुतीलाच धक्का देतो. दुसरी, मालकाला लबाड मुकादम करणं. नाटक रंगतं, दाखला मरतो. तिसरी चूक आपण मोठी माणसं करतो: तक्रार करणाऱ्यांना खलनायक बनवतो. बाराव्या ओवीतली त्यांची तक्रार पुऱ्या ताकदीनं लिहू द्या. दिवसभराचं ओझं आणि ऊन त्यांनी खरोखरच सोसलेलं असतं.

एआयकडून ओव्या लिहून घ्यायचा प्रश्न हल्ली येतोच. यमक शोधायला घेतलंत तर माझी हरकत नाही. पण त्याला शास्त्रवचन विचारू नका. मराठीत ते कधी दोन भाषांतरं मिसळून देतं, कधी नसलेली ओवी तयार करतं, आणि तेही अगदी ठामपणे.

तपासा: लिहिलेला मजकूर तीन जणांसमोर वाचा. पाळकसाहेब शास्त्राच्या दृष्टीनं बघतील, एखादी आजी भाषेच्या. तिसरा माणूस मंडळीबाहेरचा ओळखीचा शेजारी असावा. त्याला कुठे खटकलं, हे ऐकणं सर्वांत उपयोगी ठरतं.

## टप्पा ६: शब्द फोनवर आणताना

हा टप्पा छोटा, पण डोकेदुखीचा. मंडळीच्या कॉम्प्युटरमधली जुनी गीतं बहुतेक श्रीलिपीसारख्या फॉण्टमध्ये टाइप केलेली असतात. ती व्हॉट्सॲपवर चिकटवली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, आणावी लागतात. लहान मजकूर असेल तर मराठी कीबोर्डवरच्या माइकला बोलून दाखवा, ते सर्वांत लवकर होतं. कन्व्हर्टर वापरलात तर रफार, 'ऱ्य' आणि जोडाक्षरं एकेक करून बघा. 'स्वर्ग'चा रफार भलत्याच अक्षरावर बसलेला मी स्लाइडवर पाहिला आहे, अख्ख्या मंडळीसमोर.

जुनी गीतं वापरायची असतील तर हक्क बघा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी शब्द मुक्त होतात. नारायण वामन टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांचे शब्द मोकळे आहेत. पण त्यांच्या गीताचं कोणी अलीकडे केलेलं रेकॉर्डिंग मोकळं नाही. सिनेमाची चाल तर नकोच.

## टप्पा ७: पाचवा रविवार, ध्वनिमुद्रण

आता फोन बाहेर काढा.

आधी फक्त आवाज. तीन मिनिटांचा ऑडिओ साधारण ३ एमबीत बसतो, तेवढाच व्हिडिओ फोननुसार ३०० ते ४०० एमबीपर्यंत जातो. गावाकडच्या आजीच्या फोनवर यातलं काय उघडेल, हे सांगायला नको.

उपासनामंदिरात रेकॉर्ड करू नका. उंच छताखाली आवाज घुमतो आणि शब्द विरघळतात. एखाद्या घरातली लहान खोली घ्या, दोन भिंतींवर गोधड्या टांगा, पंखा बंद करा. शेजारच्या घरात कुकर लावण्याची वेळ कोणती, ते विचारून ठेवा. हसू नका, मजुरांच्या तक्रारीचं आमचं सर्वांत चांगलं रेकॉर्डिंग तिसऱ्या शिट्टीत गेलं.

फोन एअरप्लेन मोडवर, गाणाऱ्याच्या तोंडापासून एका हातावर, जरासा बाजूला. समोर धरला तर 'प' आणि 'भ'चा फुत्कार येतो. टाळ आठ-दहा फूट मागे. पेटी शेजारी ठेवायची, पण भाता फोनकडे करायचा नाही. २० सेकंद रेकॉर्ड करून इअरफोनवर ऐका, मगच पुढे.

चित्र हवंच असेल तर हात दाखवा, कात्री, डबा, रिकामा नाका, संध्याकाळची सावली. संमतीपत्रांतल्या 'चेहरा नको'चा प्रश्न आपोआप सुटतो.

तपासा: ज्यानं मजकूर कधीच ऐकलेला नाही अशा माणसाला एकदा ऐकवा आणि शेवटची ओवी म्हणून दाखवायला सांगा. शब्द कळले नसतील तर पुन्हा रेकॉर्ड करा. आवाज वाढवून हे दुरुस्त होत नाही.

## टप्पा ८: सहावा रविवार, पाठवणं आणि ऐकणं

क्रम असा ठेवा: आधी मावशींना, मग पालकांना, मग मंडळीला, आणि बाहेर पाठवायचंच असेल तर सर्वांत शेवटी. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तो दाबून लहान केला जात नाही. यूट्यूबवर ठेवलात तर सुरुवातीला 'अनलिस्टेड' (लिंक असलेल्यांनाच दिसेल असं) ठेवा. मुलांची नावं, शाळा, गाव वर्णनात लिहू नका.

व्ह्यूज मोजू नका, मुलांनाही मोजू देऊ नका. त्याऐवजी प्रत्येकानं घरातल्या एका माणसासोबत बसून ते ऐकायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: तुम्ही त्या जागी असता तर किती वाजताचे मजूर असता? उत्तरं सहाव्या रविवारी वर्गात आणायची. खरा धडा या तासाला होतो, म्हणून तो रद्द करून 'रिलीज'चा कार्यक्रम ठेवू नका. आमच्या एका मुलीचे वडील म्हणाले होते, "मी पहाटेचा. आणि मला अजून राग आहे." तिनं ते वर्गात सांगितलं तेव्हा कोणी काही बोललं नाही. मीही नाही. आम्ही बाराव्या ओवीपासून पंधराव्या ओवीपर्यंत पुन्हा वाचलं आणि प्रार्थना करून उठलो.

उठण्याआधी एक काम राहतं. अंतिम फाइल आणि ओव्यांचा मजकूर पेनड्राइव्हवर घालून, वर तारीख आणि उतारा लिहून, मंडळीच्या कपाटात ठेवा. कच्चं रेकॉर्डिंग सगळ्यांच्या फोनमधून तिथेच बसून काढायला लावा, डिलीट केलेल्या फोटो-व्हिडिओंच्या कचरापेटीतूनही. मावशींचं बोलणं त्यांना विचारून ठेवा किंवा पुसा.